देवशयनी आणि उघड्यावरची निद्रा : श्रीगाडगेबाबांचे स्मरण

आज आषाढ शुद्ध एकादशी. शास्त्राने या तिथीस शयनी असे नाव दिले आहे. क्षीरसागरी शेषशय्येवर भगवान श्रीविष्णू आजपासून चार मास निद्रा घेतात, ही भावना मनी धरून घरोघरी उपवास घडतो, तुळशीपाशी दिवा लागतो, आणि ज्यांना पंढरीची वाट धरता आली नाही ते आपल्या गावच्या देवळात नामस्मरणाला बसतात. जगाच्या स्वामीलाही विसाव्यासाठी शय्या लागते, असे मानणारा हा आपला धर्म आहे. मग ज्याला पाठ टेकण्यापुरती कोरडी जागा नाही, त्याचा विचार आजच्या दिवशी आपल्या मनात यावयास नको काय?

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न काशीद येथे पडला. अलिबाग आणि मुरूड यांच्या मधोमध, पुढे सागर, पाठीशी फणसाडचे अरण्य आणि किनाऱ्याला सुरूंची रांग असे हे गाव. आषाढात येथील माणसाला पंढरपूर गाठणे कठीण असते, कारण हेच दिवस भातलावणीचे. दिवसभर चिखलात पाय रोवून राबलेली माणसे रात्री पडवीत कीर्तनाला येऊन बसतात, आणि तीच त्यांची वारी होते. अशाच एका रात्री बोलण्याच्या ओघात ३ जून २०२० ची आठवण निघाली. त्या दिवशी निसर्ग नावाच्या चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. कौले उडाली, पत्रे कागदासारखे भिरभिरत गेले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याच वर्षी साथीच्या रोगामुळे पंढरीची पायी वारीही होऊ शकली नव्हती. श्रोत्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की, डोक्यावरचे छप्पर म्हणजे काय हे आपल्याला त्या एका दुपारी कळले. पण डोंगराकडच्या वाड्यांतील आमचे कातकरी बांधव ते जन्मभर जाणतात. दिवाळी सरली की मुलाबाळांसह वीटभट्टीवर जावे, तेथे खोपटे उभारून सहा-सात महिने काढावेत, आणि पावसाच्या तोंडावर परतावे, असा त्यांतील कितीतरी कुटुंबांचा क्रम आहे.

त्या गृहस्थांचे बोलणे ऐकून आमची मान खाली गेली. त्यास कारण आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका देवस्थानात आमचे कीर्तन होते. निरूपणास गीतेच्या बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणे घेतली होती. त्यात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताला अनिकेत, म्हणजे ज्याचे घर नाही असा, हे विशेषण दिले आहे. त्या एका पदावर आम्ही घटकाभर बोललो, श्रोत्यांनी माना डोलावल्या. कीर्तन संपवून बाहेर येतो तो ओवरीत पावसापासून अंग चोरून बसलेल्या एका मजुराच्या कुटुंबाला उठविले जात होते. स्त्रीच्या कडेवर तान्हे मूल होते. आम्ही ते पाहिले. अंगावरची शाल सावरली, दक्षिणेचे पाकीट खिशात ठेवले आणि छत्री उघडून निघून आलो. ते कुटुंब त्या रात्री कोठे गेले, हे विचारण्याचीही बुद्धी झाली नाही.

शास्त्र जाणणाऱ्याने येथे एक भेद ओळखला पाहिजे. गीतेतील अनिकेत हा घराची आसक्ती सुटलेला पुरुष होय. घर ज्याच्याकडून हिरावले गेले, तो निराळा. पहिल्याला वंदन करावे आणि दुसऱ्याला निवारा द्यावा, असा धर्म आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वसतीसाठी दारी आलेल्या कोणालाही परत न धाडणे हे व्रत म्हणून सांगितले आहे, आणि धर्मशास्त्राने विहिरी, तळी व पांथस्थांची विश्रामस्थाने बांधणे यास पूर्तधर्म म्हटले आहे. हे सारे आम्हाला मुखोद्गत होते. पण पोथीतले हे वचन आचरणात कसे आणावे हे शिकविले ते ज्याने एकही पोथी वाचली नव्हती अशा एका महापुरुषाने. ते श्रीगाडगेबाबा होत. त्यांचे चरित्र आज या निमित्ताने पुन्हा आठवू.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव झिंगराजी, मातेचे सखुबाई, आणि बाळाचे डेबूजी. घरी शेत होते, गुरे होती, उणे असे काही नव्हते. परंतु झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले. त्यात प्रकृती गेली, द्रव्य गेले, शेवटी प्राणही गेला. डेबूजी त्या वेळी सात-आठ वर्षांचा होता. सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आल्या. निराधार झालेल्या आई-मुलाला मामा चंद्रभानजींच्या घराने सामावून घेतले. डेबूजीला तेथे अन्न मिळाले, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काम मिळाले. तो गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला, आणि घरातील एक कर्ता हात झाला. बाबांच्या आयुष्यातील पहिली धर्मशाळा कोणती असे कोणी विचारले, तर मामाचे ते घर होय असे आम्ही म्हणू. पुढे बाबांनी दीनदुबळ्यांसाठी जे काही केले, त्यात आसरा आणि काम यांची ताटातूट त्यांनी कधी होऊ दिली नाही, त्याचे बीज येथे आहे.

पण त्या घरावरही संकट आले. भोळ्या मामांनी सावकाराचे कर्ज काढले होते. अक्षरशून्य माणसाने कागदावर अंगठा उठवावा आणि आकडा वाढत जावा, ही त्या काळची गावोगावची कथा. जमीन जाण्याची वेळ आली आणि त्या चिंतेने मामा खंगून गेले. ताबा घेण्यास आलेल्यांपुढे तरुण डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. माणूस बेघर होतो तो एका रात्रीत होत नाही. मद्याचा एकेक पेला आणि कर्जाचा एकेक अंगठा त्याच्या घराची एकेक वीट काढून नेतो, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते, आपल्या दोन घरांत डोळ्यांनी पाहिले होते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रीतीप्रमाणे मद्य-मांसाचे जेवण घालावयाचे, तेथे डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. ज्ञातिबांधव रुष्ट झाले. पण ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. संसार चालला होता, शेत पिकत होते, तरी मन त्यात रमेना. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, उत्तररात्रीच्या समयी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला.

येथून पुढील वर्षे वाचकांनी सावकाश ध्यानी घ्यावीत. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, हातात खराटा आणि मस्तकी मातीचे गाडगे. तेच गाडगे पाण्याचे पात्र आणि तेच जेवणाचे ताट. त्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबुवा, गाडगेबाबा म्हणावयास प्रारंभ केला. एखाद्या गावी शिरावे, न सांगता रस्ता झाडावा, कोणाची लाकडे फोडून द्यावीत, आणि मग भाकरतुकडा मागून घ्यावा. श्रमावाचून मिळालेले अन्न त्यांनी आपले मानले नाही. कित्येक ठिकाणी वेडा म्हणून त्यांना हाकलून दिले गेले. पिंपळाखाली, नदीच्या वाळवंटात, देवळाबाहेर, जेथे रात्र होई तेथे अंग टाकावे. निराश्रिताला कोण दारातून घालवितो, पावसात तो कोठे उभा राहतो, आणि आजारी पडल्यास त्याचे काय होते, याची शिकवण बाबांनी अशी अंगावर घेतली. गीतेतील अनिकेताची स्थिती त्यांनी स्वेच्छेने पत्करली; आणि ज्यांनी ती पत्करलेली नव्हती, ज्यांच्यावर ती लादली गेली होती, त्यांच्यासाठी उरलेले आयुष्य वेचले.

त्यांच्या कार्याचा आरंभ अमरावतीजवळ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे झाला. पौषातील यात्रेला तेथे लोकांची दाटी होई आणि चिखलातून पाण्याशी उतरताना वृद्धांचे हाल होत. बाबांनी स्वतः घमेले उचलले, लोकांना हाताशी घेतले आणि घाट उभा केला. त्याच यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना बसवून जेवू घालण्याचा परिपाठही त्यांनी चालू केला. ज्यांच्या सावलीपासून यात्रेकरू दूर सरकत, त्यांच्या पंगतीत बाबा स्वतः वाढीत.

मग पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला लक्षावधी जीव त्या नगरीत उतरतात. पैसेवाल्याला वाडा मिळे, ओळखीवाल्याला बडव्यांचे घर मिळे, उरलेला वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात पावसाखाली रात्र काढी. त्यातही, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकाला पैसे असूनही कोणी छपराखाली घेत नसे. चोखोबांची समाधी ज्या महाद्वारासमोर आहे, त्याच नगरीत चोखोबांच्या लेकरांना उभे राहावयास जागा नव्हती. बाबा पंढरीस येत. पण गाभाऱ्याकडे धाव घेण्याऐवजी खराटा घेऊन वाळवंट झाडीत, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. १९१७ च्या सुमारास त्यांनी या वंचित भाविकांसाठी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. कोणास निवारा द्यावा हे ठरविताना सर्वांत शेवटी जो दारात येईल तो नजरेपुढे ठेवावयाचा नसतो. ज्याला सर्व दारांतून परत पाठविले जाते, त्याच्यापासून आरंभ करावयाचा असतो, हे तत्त्व या वास्तूने शिकविले. पुढे पंढरपुरात अन्य धर्मशाळाही झाल्या. नाशिक, आळंदी, देहू येथेही बाबांच्या प्रेरणेने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या.

पैसा कोठून आला? कीर्तनातून. बाबांचे कीर्तन आम्हा हरदासांच्या कीर्तनासारखे नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, साज, पगडी यांतले काही नाही. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारावेत, उत्तर त्यांच्याच मुखातून काढावे, आणि मध्येच देवकीनंदनाच्या नामगजराने सारा समुदाय उभा करावा. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, देवापुढे मुका जीव मारू नका, शिवाशिव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, अशी त्यांची शिकवण असे. भाविकहो, या शिकवणीकडे केवळ नीतीचा पाठ म्हणून पाहू नये. पित्याचे घर मद्याने गेले, मामाची जमीन कर्जाने गेली, हे ज्याने पाहिले होते, तो प्रत्येक गावात उभी असलेली घरे राखीत होता. पडलेल्या घराच्या माणसाला धर्मशाळा, आणि उभे घर पडू नये म्हणून कीर्तन, असे त्यांच्या सेवेचे दोन हात होते. त्यांतील एक सोडून दुसरा कळणार नाही.

लोकांनी पायाशी द्रव्याची रास घातली. पण त्यातील पैही बाबांनी स्वतःची म्हटली नाही. संस्था विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या आणि आपला वा आपल्या आप्तांचा त्यांवर काही अधिकार राहणार नाही, अशी व्यवस्था केली. चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यांच्याच मुलांच्या शिक्षणाच्या कामी ती यावी, हा त्यातील हेतू. दिलेली वस्तू हातून खरोखर सुटली पाहिजे, नाहीतर दान हे उपकाराचे ओझे होते, हे बाबांनी आचरणाने दाखविले. त्यांनी शिष्य केला नाही, कोणाला गुरुमंत्र दिला नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. इतक्या वास्तू उभ्या करणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही.

या वैराग्याची कठोर परीक्षा आपल्याच कोकणात झाली. १९२३ साली मे महिन्यात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता एक पुत्र गोविंदा निवर्तल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. जगात रोज कित्येकांची लेकरे जातात, त्या सर्वांचे दुःख बाजूस ठेवून आपल्या एकट्याचे कसे कवटाळावे, असा त्यांचा भाव होता. सामान्य प्रपंची माणसाला हे अनुकरणीय वाटणार नाही, आणि त्याने ते करावे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु रक्ताच्या नात्याची सीमा ओलांडलेले हृदय कसे असते, ते येथे दिसते.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाबांची दृष्टी मुंबईकडे वळली. खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेला माणूस मोठ्या इस्पितळाच्या दारी पोहोचे. रुग्णाला आत खाट मिळे. त्याच्या सोबत्याला मात्र फुटपाथावाचून जागा नसे. आईची शुश्रूषा करणारा मुलगा स्वतः उघड्यावर पडून आजारी होई. घरदार असलेला माणूसही परगावी दुखण्यापायी निराश्रित होतो, हे बाबांनी ओळखले आणि जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी करविली. १९५२ साली या सर्व कार्याची घडी नीट राहावी म्हणून श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली. बाबांच्या पश्चात दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यास दूरदूरच्या गावांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे सोबती तेथे आजही आसरा घेतात. मिशनच्या संस्थांतून बाबांचा जो दशसूत्री संदेश पाहावयास मिळतो, त्यात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र यांच्या जोडीनेच बेघराला आसरा, बेकाराला काम आणि निराश झालेल्याला धीर देणे यांचा समावेश आहे. एकेक सूत्र सुटे घेतले तर भूतदया वाटेल. सर्व एकत्र वाचावीत, म्हणजे पडलेला माणूस पुन्हा उभा कसा करावा याचा पूर्ण विधी त्यात सापडेल.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. बाबांची प्रकृती तेव्हा आधीच खालावली होती. त्यानंतर दोन आठवड्यांतच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. ज्याने घर सोडले त्याला मृत्यूही घरात आला नाही, वाटेवरच आला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठही आज त्यांचे नाव धारण करते.

वाचकहो, पुण्यपुरुषाचे चरित्र ऐकून हात जोडणे सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सतरा लाखांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली; त्यांतील दोन लाखांहून अधिक या महाराष्ट्रात होती. शहरांतील बेघरांसाठी रात्रनिवारे असावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आहेत आणि शासनाची योजनाही आहे. ते काम शासनाने करावेच. परंतु निवारा कोठे आहे हे फुटपाथावर झोपलेल्या वृद्धेला कोणी सांगावयाचे? तिला हात धरून तेथवर कोणी न्यावयाचे? तेथे स्वच्छता आहे की नाही हे पाहावयास कोणी जावयाचे? हे गृहस्थाश्रमी माणसाचे काम आहे. बाबांच्या चरित्रातून त्यासाठी मार्ग दिसतो. ज्याला सर्वांनी नाकारले त्याच्याकडे प्रथम पाहावे. जागा द्यावी ती झाडून स्वच्छ करून द्यावी, कारण घाणेरडा निवारा हा अपमानच आहे. अन्नाबरोबर त्याच्या हाताला काम द्यावे. दिल्यावर मालकी आणि मोठेपण दोन्ही सोडावे. आणि शेजारचे घर व्यसनाने वा कर्जाने खचू लागले आहे असे दिसता, ते पडण्यापूर्वीच धावून जावे.

काशीदच्या त्या रात्री आम्ही निरूपणाचा ठरलेला विषय सोडला आणि बाबांचे हे चरित्र सांगितले. ओवरीतील त्या कुटुंबाची कथाही लपविली नाही. आरती झाल्यावर वृद्ध गृहस्थांनी काही न बोलता पडवीचा कोपरा झाडला, दोन घोंगड्या अंथरल्या आणि कीर्तनास येऊन पावसात अडकलेल्या एका मजूर जोडप्याला रात्रीपुरते तेथेच राहण्यास सांगितले. सकाळी ती दोघे त्यांच्याच शेतात लावणीला उतरली. आमच्या पस्तीस वर्षांच्या अपराधाचे क्षालन त्यामुळे झाले असे नाही. परंतु काय करावयास हवे होते ते डोळ्यांनी पाहावयास मिळाले.

आज रात्री देवघरात श्रीहरीला शयन घडविताना शय्येवरची सुरकुती आपण हाताने काढू, तिच्यावर तुळशीदल ठेवू. तसे करताना आपल्या देवळाची ओवरी, आपली पडवी, आपल्या सोसायटीचा जिना पावसात कोणासाठी उघडा आहे, हेही एकदा पाहावे. चातुर्मासात अनेक नेम केले जातात. त्यांत आणखी एका नेमाची भर घालावी : आश्रयासाठी आलेल्याला विचारपूस केल्यावाचून दारातून परत धाडणार नाही. पांडुरंग त्या नेमाला बळ देवो, हीच आजच्या दिवशी त्याच्या चरणी प्रार्थना.